भरतीच्या ग्राउंडची तयारी: कोणत्या तंतूला कोणती मेहनत, कोणत्या क्रमानं

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि ७.२६० किलोच्या गोळाफेकीचे १५ गुण. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर, आणि गोळा ४ किलोचा. म्हणजे ५० पैकी ३० गुण काही सेकंदांत उरकणाऱ्या दोन प्रकारांना आहेत. तयारी मात्र कशी चालते? पहाटे कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या फेऱ्या, वर दोन-तीनशे बैठका, शंभरभर जोर, बनियन पिळावं इतका घाम. चार महिन्यांनी १६०० ची वेळ खाली आलेली असते, १०० मीटर आणि गोळा जिथल्या तिथं. मग ‘आपल्या अंगातच स्पीड नाही’ म्हणून विषय मिटवला जातो.

मेहनत भरपूर झालेली असते, पण जवळजवळ सगळी एकाच जातीच्या स्नायुतंतूंना मिळालेली असते. आधी काय करायचं, मग काय, मध्ये किती थांबायचं आणि लोक हमखास कुठं चुकतात, एवढंच इथं सांगतो. उदाहरणं भरतीची आहेत, पण लाल मातीत लढणाऱ्याला आणि शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळणाऱ्यालाही हाच हिशोब लागू पडतो.

## सुरू करण्याआधी एवढं पक्कं करा

माणसाच्या स्नायूत ढोबळमानानं तीन प्रकारचे तंतू असतात. मंद तंतू, म्हणजे टाइप वन, ऑक्सिजनवर चालतात. त्यांना रक्तपुरवठा दाट, रंग गडद लाल, जोर कमी, पण ते तासन्‌तास दमत नाहीत. पोटरीच्या आतला सोलियस स्नायू बहुतांशी याच तंतूंचा, म्हणून दिवसभर उभं राहता येतं. दुसऱ्या टोकाला टू एक्स: झपाट्यानं प्रचंड जोर, आणि थोड्याच वेळात गळाठणं. मधले टू ए: जलद, पण दमही बऱ्यापैकी. मोठ्या स्नायूंत हे मिसळलेले असतात. सर्वसाधारण माणसाच्या मांडीत मंद आणि जलद जवळपास निम्मे-निम्मे निघतात.

जन्मतः मिळालेलं हे प्रमाण थोडंच सरकतं. मेहनतीनं टू एक्सचे टू ए सहज होतात, मंदाचे जलद होणं फार मर्यादित. पण तंतू जाड होणं, आणि हवा तेव्हा तो कामाला लावण्याची मज्जातंतूंची सवय, या दोन्ही गोष्टी सरावानं खूप बदलतात. आपल्याला काम करायचंय ते इथं.

कामाला लावण्याचा एक ठरलेला क्रम आहे. आधी लहान, मंद तंतूंच्या गटांना बोलावणं जातं. जोर कमी पडला तरच मोठ्या, जलद गटांची पाळी येते. तालमीत बाहेरचा गडी आला की वस्ताद आधी बारक्या पोराला त्याच्यासमोर सोडतात, पोरगं कमी पडलं तरच मोठा पैलवान लंगोट कसतो, तसंच हे. म्हणून निवांत पळण्यात जलद तंतू नुसते बसून राहतात. त्यांना उठवायचं तर वजन जड करावं लागतं, नाहीतर हालचाल पूर्ण जोरानं झटक्यात करावी लागते. हलकं काम अगदी गळेपर्यंत रेटलं तरी ते उठतात, पण तोवर थकवा इतका साचलेला असतो की वेगाचा सराव होतच नाही. तीनशे बैठकांचा घोळ हाच आहे.

आता आकुंचन. बैठकेतून उठताना मांडीचा स्नायू आखूड होत जोर लावतो, हे कॉन्सेंट्रिक. खाली जाताना तोच स्नायू लांबत असतो, तरी जोर लावून अंग धरून ठेवतो, हे एक्सेंट्रिक. अर्ध्यात थांबलात तर लांबी बदलत नाही पण जोर चालू राहतो, हे आयसोमेट्रिक. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्यात कांस्यपदक घेतलं, तो ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स हा प्रकार जवळपास सगळा या तिसऱ्या आकुंचनावर चालतो.

स्नायू लांबत असताना सर्वांत जास्त जोर पेलतो, स्थिर असताना त्याहून कमी आणि आखडताना सर्वांत कमी. आखडण्याचा वेग वाढला की तोही घटतो. जे वजन उचलता येत नाही ते सावकाश खाली मात्र सोडता येतं, त्याचं कारण हेच.

तपासा: पन्हाळा ते पावनखिंड चालून आलेल्यांच्या मांड्या चढापेक्षा उतारानं जास्त का भरतात? उतरताना मांडी एक्सेंट्रिक काम करते म्हणून, हे उत्तर तुम्हाला आपणहून सुचलं असेल तर पुढं चला. नसेल तर वरचे दोन परिच्छेद पुन्हा वाचा.

## टप्पा १: मोजणी

एक वही घ्या. मोबाइलमधल्या ॲपपेक्षा वही बरी, कारण मैदानावर ती वस्तादांना किंवा अकॅडमीतल्या सरांना लगेच दाखवता येते.

पहिल्या दिवशी फक्त झटक्याची कामं मोजा: जागेवरून लांब उडी, ३० मीटर, १०० मीटर, गोळा. प्रत्येकाच्या दोन-तीन संधी घ्या आणि मध्ये भरपूर थांबा. एक दिवस सोडून १६०० किंवा ८०० मोजा. हे सगळं एकाच सकाळी, तेही आधी १६०० मग १०० असं मोजलं, तर १०० चा आकडा थकव्याचा असतो आणि पुढची चार महिने तुम्ही त्याच्याशी तुलना करत बसता.

वेळ मोजणारा मित्र शेवटच्या रेषेवर उभा असावा, आणि सुटण्याची खूण आवाजानं न देता हात खाली आणून द्यावी. आवाज पोचायला वेळ लागतो. हातातल्या घड्याळावर १०० मीटरची वेळ इलेक्ट्रॉनिक यंत्रापेक्षा साधारण पाव सेकंदानं कमीच दिसते, हेही वहीत लिहून ठेवा. ग्राउंडच्या दिवशी ‘माझी वेळ वाढली कशी’ म्हणून हुज्जत घालायची वेळ येत नाही.

अमुक वजन किती वेळा उचललं यावरून ‘तुमच्यात जलद तंतू इतके टक्के’ सांगणारे व्हिडिओ फिरतात. त्यांच्या नादी लागू नका. तंतूंचं प्रमाण खात्रीनं कळतं ते स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासल्यावर, आणि ते कळलं तरी पुढचा कार्यक्रम फारसा बदलत नाही.

सावधान: पळताना छातीत दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, घरात कमी वयात हृदयविकारानं गेलेलं कुणी, यातलं काही असेल तर मोजणीआधी डॉक्टरांना दाखवा.

## टप्पा २: पाया, पहिले चार आठवडे

लोक हाच टप्पा गाळतात, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

तालमीतली बैठक चवड्यांवर, हात झोकत, लयीत मारली जाते. दमासाठी ती उत्तम आहे आणि ती सोडा असं मी म्हणणार नाही. पण भरतीवाली पोरं ती उसनी घेतात तेव्हा एक गडबड होते. त्यांचं खाली जाणं हे जाणं नसतं, पडणं असतं. तळाशी आदळून, त्याच उसळीवर वर यायचं. एका वस्तादांचं ऐकलेलं बोलणं इथं नेमकं बसतं: ‘आरं, खाली पडतोयस कशाला? बस की हळू. कुणी माघारी लागलंय का?’ पोरगं म्हणालं, ‘वस्ताद, आकडा पुरा करायचाय.’ वस्ताद म्हणाले, ‘आकडा मातीत लिव. मांडीला कळूदे आधी.’

मांडीला कळायचं तर असं करा. टाचा जमिनीला टेकलेल्या, पाय खांद्याइतके फाकवलेले, पंजे किंचित बाहेर. तीन मोजत खाली जा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतोय का बघा. आत झुकत असेल तर खोली कमी करा. तळाशी एक मोज थांबा. हा थांबा महत्त्वाचा, कारण त्यानं उसळी मरते आणि वर येण्याचं काम खरंच स्नायूवर पडतं. मग जमेल तेवढ्या झटक्यात वर. आठ बैठकांची एक फेरी, मध्ये दोन मिनिटं. पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्या, नंतर तीन. तीनशे मारणाऱ्याला चोवीस ऐकून हसू येतं. आधी करून बघावं.

याच पद्धतीनं आणखी तीन गोष्टी:

पायरीच्या कडेवर चवडे ठेवून दोन्ही पायांनी वर या आणि एकाच पायावर सावकाश खाली. पोटरी आणि टाचेमागची शीर दोन्हीला हे लागतं. रंकाळ्याच्या फरसबंदीवर रोज पळणाऱ्यांची ती शीर आधी बोलायला लागते.

जोर मारताना छाती तीन मोजत खाली न्या. झपाट्यानं मारायच्या सपाट्या नंतर.

तिसरी गोष्ट मांडीच्या मागच्या स्नायूची, हॅमस्ट्रिंगची. सतरंजीवर गुडघे टेकून बसा, मित्राला घोटे घट्ट दाबून धरायला सांगा. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून जितकं सावकाश जमेल तितकं पुढं झुका. धरवेना झालं की हात टेकवून स्वतःला झेला आणि हातानंच ढकलत मागं या. याला नॉर्डिक म्हणतात. पहिल्या आठवड्यात तीन-तीनच्या दोन फेऱ्या पुरे, चौथ्या आठवड्यापर्यंत सहाच्या तीन.

नॉर्डिकवर जोर देण्याचं कारण असं. १०० मीटर पळताना पाय पुढं फेकला जातो आणि जमिनीला लागण्याच्या ऐन आधी हॅमस्ट्रिंगला तो ब्रेक लावून थांबवावा लागतो. त्या क्षणी स्नायू लांबतही असतो आणि जोरही लावत असतो. ‘मागून कुणीतरी दगड मारला’ असं सांगत खेळाडू मांडी धरून बसतो, ती दुखापत बहुतेक वेळा याच क्षणी होते. फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासांत नियमित नॉर्डिकनं हॅमस्ट्रिंगच्या दुखापती बऱ्याच कमी झालेल्या दिसल्या आहेत. आपल्याकडं पेठांच्या संघांत हंगाम सुरू झाला की कुणी ना कुणी मांडीला पट्टी गुंडाळून बाकावर बसलेला असतो, आणि नॉर्डिक करणारे मात्र मोजकेच.

पहिल्या दोन-तीन दिवसांत अंग ठणकेल. हा ठणका २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतो. तो लॅक्टिक ॲसिडचा नसतो; ते मेहनत थांबल्यावर तासाभरात निवळलेलं असतं. लांबत्या आकुंचनानं तंतूंत बारीक इजा होते आणि ती भरून येण्याचा तो भाग आहे. दुसऱ्या वेळी त्याच मेहनतीनं खूप कमी दुखतं, म्हणून पहिल्या ठणक्याला घाबरून सोडू नका आणि दुखतंय म्हणजे काम झालं असंही समजू नका.

सावधान: बऱ्याच खाड्यानंतर पहिल्याच दिवशी जुना आकडा गाठायला जाऊ नका. सवय नसताना शेकड्यानं बैठका मारल्या तर स्नायूचे तंतू फुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर बेततं. मांड्या सुजून कडक होणं, प्रमाणाबाहेर दुखणं आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा होणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी तेल चोळत बसायचं नाही, भरपूर पाणी पिऊन बघूही म्हणायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

या चार आठवड्यांत आठवड्याला दोन-तीन वेळा निवांत पळा. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढाच वेग.

तपासा: गुडघाभर उंचीच्या पायरीवरून एका पायावर तीन मोजत, गुडघा आत न झुकता, पाच वेळा उतरता येतं का? मेहनतीनंतर ४८ तासांत पाय मोकळे होतात का? दोन्हींना ‘हो’ असेल तरच टप्पा ३.

## टप्पा ३: ताकद, पुढचे सहा आठवडे

आता मोठ्या पैलवानाला, म्हणजे जलद तंतूंना, बोलवायचं. वजन असं निवडा की ५ वेळा नीट उचलता येईल आणि अगदी ओढूनताणून सहावा-सातवा होईल. ५ ला थांबा. चार फेऱ्या. स्क्वॉट, बारबेल जमिनीवरून उचलणं, डोक्यावर ढकलणं, वाकून ओढणं, यातले एका वेळी दोन-तीनच. बारबेलचं काम जाणत्या माणसासमोर शिका. आरशात बघून पाठ सरळ आहे की नाही ते कळत नाही.

जिम नसेल तर जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठक, वाळूचं पोतं छातीशी धरून कट्ट्यावर एका पायानं चढणं, असं भागतं. मुगदल चांगलं, पण ते खांद्याच्या फिरण्याला. पायाच्या जोराला त्याचा उपयोग नाही.

दोन नियम आहेत, दोन्ही कंटाळवाणे.

एक: फेऱ्यांमध्ये ३ मिनिटं थांबा. घड्याळ लावून. झटक्याच्या कामाला स्नायूत साठवलेलं क्रिएटिन फॉस्फेट लागतं, ते दहाएक सेकंदांत बरंच संपतं, अर्ध्या मिनिटात साधारण निम्मं परत भरतं आणि पूर्ण भरायला ३ ते ५ मिनिटं लागतात. मिनिटभरात पुढची फेरी सुरू केली तर वजन कमी करावं लागतं, आणि वजन कमी झालं की जलद तंतू पुन्हा बसले. नुसतं उभं राहिलं की पोरांना आळस केल्यासारखं वाटतं, म्हणून ती मधल्या वेळात दोरीच्या उड्या मारतात. मारू नका.

दोन: वजन जड असल्यामुळं ते हळूच वर जाणार, पण तुमचा प्रयत्न झटक्याचाच हवा. वर जाताना मुद्दाम सावकाशी नको. सावकाशी फक्त खाली येताना.

आयसोमेट्रिकला या टप्प्यात थोडी जागा द्या. प्लँक, म्हणजे कोपरं आणि चवड्यांवर अंग फळीसारखं सरळ धरणं, २०-३० सेकंद, पण पोट आणि ढुंगण पूर्ण आवळून; पाच मिनिटं लोंबकळण्याची पैज लावण्यात काही हशील नाही. भिंतीला टेकून खुर्चीसारखं बसायचं असेल तर एक ध्यानात ठेवा की ज्या कोनात तुम्ही थांबता, मुख्यतः त्याच कोनाच्या आसपास ताकद वाढते. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब झपकन चढतो. रंकाळ्यावर चालायला येणाऱ्या, रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या काका-मावशींनी पोरांचं बघून हे करू नये. आधी डॉक्टरांना विचारावं, आणि करायचंच झालं तर श्वास चालू ठेवून, थोड्या जोरानं, थोडा वेळ.

वेळापत्रक तुमच्या हातात असेल तर हा टप्पा जून ते ऑगस्टमध्ये बसवा. कोल्हापूरच्या पावसात मैदानं चिखलानं भरतात, ओल्या गवतावर पाय सटकून जांघ ओढली जाते. तेवढे महिने छपराखाली ताकद करून घ्यावी.

तपासा: सहा आठवड्यांनी जागेवरची लांब उडी पुन्हा मोजा. वाढली असेल तर ताकद पायातून जमिनीत उतरायला लागलीय. वजन वाढलं पण उडी तिथंच असेल तर वर जाताना तुम्ही आळसावून उचलताय.

## टप्पा ४: वेग, शेवटच्या टप्प्यापर्यंत

पूर्ण वेगात पळताना पाय जमिनीला सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाइतकाच टेकतो. स्नायूला आपला सगळा जोर उभा करायला त्याच्या तिपटीहून जास्त वेळ लागतो. म्हणून नुसती ताकद पुरत नाही, ती लवकर निघायला हवी. त्यासाठी उड्या आणि छोट्या धावा.

अंग आधी नीट तापवा. दहा-पंधरा मिनिटं: हलकं पळणं, गुडघे वर घेत पळणं, पाय पुढं-मागं झुलवणं, मग ५० मीटरच्या दोन-तीन धावा वेग वाढवत. तापलेला स्नायू लवकर आकुंचन पावतो. खाली बसून पायाचे अंगठे धरून मिनिट-मिनिट ताण देत राहणं हे वेगाच्या आधी करू नका. लांबलेल्या ताणानं काही काळ झटका मंदावतो. ते शेवटी करा.

मग क्रम असा. आधी उड्या: जागेवर दोन्ही पायांनी, जमीन तापलेल्या तव्यासारखी समजून पटकन सोडायची, ६-६ च्या तीन फेऱ्या. त्यानंतर ३० मीटरच्या चार धावा, मग ६० मीटरच्या दोन-तीन. दर १० मीटरला साधारण एक मिनिट विश्रांती, म्हणजे ३० ला ३ मिनिटं, ६० ला ६. टेंबलाईच्या चढावर सुरुवात केली तर आणखी बरं, कारण चढावर पावलं आपोआप आखूड पडतात आणि हॅमस्ट्रिंगवर ताण कमी येतो. दोन आठवड्यांनी सपाटीवर या.

वेळ वहीत लिहीत राहा. ३० मीटरची वेळ त्या दिवसाच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा दोन दशांश सेकंदानं वाढली की त्या दिवसाचा वेग संपला. चप्पल घाला आणि घरी जा. इथून पुढं जे पळाल ते वेगाच्या नावाखाली दमाचं काम असेल.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे १०० मीटरच्या दहा धावा, मध्ये चालत परत येण्याएवढीच विश्रांती. पहिल्या दोन खऱ्या, उरलेल्या आठ नुसत्या दमवणाऱ्या. अकॅडमीत शंभर पोरं एका रांगेत उभी असतात तिथं असं होतं. सरांना सांगून तुमच्या गटाची पाळी लांबवून घ्या.

आठवड्यात दोनदाच. मध्ये किमान ४८ तास.

## टप्पा ५: दम

याबद्दल थोडक्यात, कारण हे बहुतेकांचं आधीच होतं. १६०० मीटरला लागणाऱ्या ऊर्जेतला मोठा वाटा ऑक्सिजनवर चालणाऱ्या कामाचा. म्हणून निवांत पळणं लागतंच, ते मंद तंतूंसाठी. पण वेळ खाली आणायची असेल तर टू ए तंतूंनाही दम शिकवावा लागतो. आठवड्यातून एकदा ४०० मीटरच्या चार-पाच धावा, तुम्हाला १६०० ला हवा असलेल्या वेगानं, मध्ये दोन-तीन मिनिटं. शेवटची धाव पहिलीइतक्याच वेळेत यायला हवी. पहिली जोशात आणि शेवटची फरफटत होत असेल तर वेग चुकीचा धरलाय.

निवांत पळणं खरंच निवांत हवं. रंकाळ्यावर कुणी ओलांडून गेलं की त्याच्या मागं लागायचं, ही खोड मोडा.

## गोळ्यासाठी वेगळं काय

गोळा हातानं फेकला जातो असं समजून पोरं दंड कमावत बसतात. जोर सुरू होतो मागच्या पायातून, कमरेच्या वळण्यातून वर चढतो आणि हात शेवटी लागतो. मधलं धड ढिलं असेल तर जोर तिथंच मुरतो. म्हणून धडाचं काम आयसोमेट्रिक, पाय आणि हाताचं झटक्याचं. आधी जागेवरून फेका, पाऊल टाकणं नंतर. गोळा मानेशी टेकलेला, कोपर त्याच्या मागं. कोपर खाली पडलं की फेक चेंडूसारखी होते आणि खांदा दुखावतो. एका दिवसात १२ ते १५ फेकी पुरे, आणि त्या वेगाच्या किंवा ताकदीच्या दिवशी, अंग ताजं असताना.

## टप्पा ६: आठवडा कसा लावायचा

सोमवार वेग आणि गोळा. मंगळवार निवांत पळणं. बुधवार ताकद. गुरुवार सुट्टी, किंवा नुसतं चालणं. शुक्रवार वेग, संध्याकाळी हलकी ताकद. शनिवार ४०० च्या धावा. रविवार सुट्टी. नॉर्डिक आणि सावकाश बैठका पूर्ण बंद करू नका. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी सगळ्यात शेवटी.

एकाच दिवशी दोन कामं असतील तर क्रम कधीच उलटा नको: वेग, मग ताकद, मग दम. सकाळ-संध्याकाळ विभागलीत तर मध्ये सहाएक तास ठेवा. आधी पाच किलोमीटर पळून मग १०० मीटरचा सराव करणं म्हणजे १५ गुण आपल्या हातानं घालवणं.

खुराकाबद्दल फार लिहीत नाही. दिवसाला वजनाच्या दर किलोमागं साधारण दीड ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं की झालं. ६५ किलोच्या मुलाला शंभरेक ग्रॅम. गंगावेशीत उभ्यानं पाव लिटर म्हशीचं दूध प्यायलात तर त्यातून नऊ-दहा ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा. उरलेलं डाळ, उसळ, मटण यांतून. कुणी ‘स्टॅमिनाचं इंजेक्शन’ सुचवलं तर त्या माणसाशी बोलणंच बंद करा. ते काळजाशी खेळणं आहे.

## टप्पा ७: शेवटचे दहा दिवस आणि ग्राउंडचा दिवस

जड वजन ग्राउंडच्या आठ-दहा दिवस आधी थांबवा. नॉर्डिक आणि सावकाश उतरण्याची कामंही तेव्हाच बंद. ऐन वेळी मांड्या भरायला नकोत. पळण्याचं अंतर निम्मं करा, वेग मात्र तोच ठेवा. ‘आता दिवस थोडे उरले’ म्हणून याच आठवड्यात दुप्पट मेहनत करणारे दरवर्षी दिसतात. दहा दिवसांत नवा तंतू जाड होत नाही, जुना थकवा मात्र उतरतो.

नवे बूट आणू नका.

ग्राउंडला नंबर पहाटे लागला तरी प्रत्यक्ष पाळी यायला तास-दोन तास जातात. रांगेत बसलेलं अंग गार होतं. त्यामुळं एकदाच सगळा वॉर्मअप करून मोकळं होऊ नका. पाळीच्या आधी पंधरा मिनिटं उठा, जागेवर गुडघे वर घ्या, पाय झुलवा, जागा असेल तर दोन छोट्या धावा. मध्ये स्वेटर अंगावर राहू द्या.

प्रकारांचा क्रम तिथं ठरतो, तुम्ही नाही. १६०० आधी आला तर संपल्यावर लगेच बसू नका. पाच-सात मिनिटं चाला, घोट-घोट पाणी घ्या, मग बसा. पोटरीत गोळा आला तर पंजा आपल्याकडं ओढून धरा, सुटेपर्यंत. १०० मीटर आधी आला तर तो पूर्ण झोकून पळा, १६०० साठी राखून ठेवायची गरज नाही. दहा-पंधरा मिनिटांत ते जलद तंतू पुन्हा तयार असतात.